ओढणे वेगळे, वाहणे वेगळे

विद्यार्थी मित्रहो, बैलगाडी भरून झाल्यावर जुना गाडीवान काय करीत असे, हे आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल, काहींनी आजोबांच्या तोंडून ऐकले असेल. पोती रचून झाली की तो जू हाताने उचलून पाही. जू अगदी सहज वर गेले, तर भार मागे पडला, गाडी ‘उलाळ’ झाली, असे तो समजे. अशी गाडी चढावर जू वर उचलणार आणि जोत्यांनी बैलांचे गळे आवळणार. उलट, जू उचलता उचलेना, तर भार पुढे पडला, बैलांच्या माना दबणार आणि चार दिवसांत खांदेसूज येणार, हे त्याला ठाऊक असे. मग एखादे पोते तो पुढे सरकवी, एखादे मागे ओढी, आणि जुवावर बेताचा भार राहिला म्हणजेच बैल जुंपी.

या गाडीवानाला तरफेचा नियम कोणत्याही शाळेने शिकविला नव्हता. तथापि एक महत्त्वाची गोष्ट त्याला पुरती उमगली होती. बैलाला एकाच वेळी दोन कामे करावयाची असतात. गाडी ओढावयाची असते आणि गाडीच्या भाराचा काही अंश मानेवर वाहावयाचाही असतो. ही दोन बळे एक नव्हेत. जो बैल वीस पोत्यांची गाडी ओढतो, त्याच्या मानेवर वीस पोती ठेवता येत नाहीत.

हे सत्य विसरल्यामुळे आज दूर अमेरिकेत अनेक कुटुंबे अडचणीत येतात. प्रस्तुत लेखात आम्ही तोच विषय घेतला आहे. आमचे स्वतःचे शिक्षण भाषा आणि इतिहास या विषयांचे. यंत्रशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु या प्रश्नाला बेरीज, वजाबाकी आणि तरफेचा साधा नियम यांपलीकडे काही लागत नाही. शाळेत शिकलेले गणित माणसाच्या जिवाशी कसे येऊन भिडते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

पाचवे चाक

अमेरिकेत आणि कॅनडात सुट्टीसाठी, किंवा निवृत्तीनंतर बारा महिने राहण्यासाठीही, चाकांवरचे घर घेण्याची पद्धत रूढ आहे. या घरांत निजण्याची खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या, सर्व काही असते. त्याला स्वतःचे इंजिन नसते. पुढे एखादी दणकट गाडी जोडून ते ओढावे लागते. ही गाडी बहुधा पिकअप ट्रक असते. पुढे माणसे बसण्याची बंदिस्त केबिन आणि मागे सामानाचा उघडा हौदा, असे तिचे स्वरूप.

ट्रेलर ट्रकला जोडण्याच्या मुख्य रीती दोन. पहिलीत ट्रकच्या अगदी मागच्या टोकाला, बंपरच्या खाली, लोखंडी गोळा असतो आणि ट्रेलरची दांडी त्याच्यावर बसते. दुसरीत जोडणी ट्रकच्या हौद्याच्या आत, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे असते. तेथे घोड्याच्या नालासारखी खाच असलेली एक जाड लोखंडी थाळी बसवितात. ट्रेलरचा पुढचा भाग उंच होऊन हौद्यावर झुकतो आणि त्याच्या पोटाशी असलेली किंगपिन नावाची लोखंडी खुंटी त्या खाचेत अडकते. या थाळीला ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक, म्हणतात. जड आणि मोठी घरे बहुधा याच पद्धतीची असतात.

चाक नसलेल्या थाळीला चाक का म्हणावे? हे नाव घोडागाड्यांच्या काळातले आहे. चार चाकांच्या बग्गीत पुढची दोन चाके वळावीत म्हणून पुढच्या आसावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत. ते कडे दिसावयास चाकासारखे, म्हणून चार चाकांनंतरचे ते पाचवे. मोटारी आल्या तेव्हा कारागीर घोडागाड्यांचेच होते, आणि त्यांच्याबरोबर हे नावही आले. १९१४ साली डेट्रॉइटमध्ये ऑगस्ट फ्रूहॉफ नावाच्या, मूळच्या लोहार आणि गाड्या बांधणाऱ्या गृहस्थाने एका लाकूड-व्यापाऱ्याची होडी वाहून नेण्यासाठी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीमागे जोडण्याची अर्धगाडी तयार केली. पुढील दशकात विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी अशाच तऱ्हेच्या जोडणीचे प्रवासी फिरते घर बांधले. आपल्याकडे अशी घरे दिसत नसली, तरी पाचवे चाक मात्र आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. बंदरातून मालाचे मोठाले डबे घेऊन महामार्गावर येणाऱ्या लांबलचक ट्रेलर-गाड्या पाहा. इंजिनचा भाग आणि मागचा सांगाडा यांना जोडणारी थाळी हीच. तत्त्व एक, फरक इतकाच की तेथे धंदेवाईक चालक असतो, आणि फिरत्या घरापुढे एखादे साधे कुटुंब.

तरफेचा नियम

जोडणीची जागा मागच्या टोकावरून आसावर आणली, म्हणजे नेमके काय साधते? बेळगावच्या बाजूला उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडलेली पाहिली असेल. ट्रॉलीचा फार भार ट्रॅक्टरच्या मागच्या टोकावर आला की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, कधी जमीनही सोडतात. आणि पुढची चाके हलकी झाली की सुकाणू नावापुरते उरते. मागचा आस हा टेकू, टोकावरचा भार हा तरफेवरील दाब, आणि पुढची चाके हे तरफेचे उचलले जाणारे टोक.

आता आकडे घेऊ. अमेरिकेत वजने पौंडांत लिहितात, म्हणून आपणही पौंडच घेऊ. २,२०५ पौंड म्हणजे सुमारे १,००० किलो, एवढे ध्यानात ठेवावे. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या आसांतील अंतर १६० इंच आहे आणि बंपरखालचा गोळा मागच्या आसाच्या ५० इंच मागे आहे, असे समजा. गोळ्यावर १,३५० पौंड भार आला. पुढच्या आसावरून किती वजन उचलले जाईल? १,३५० ला ५० ने गुणून १६० ने भागावे. उत्तर येते सुमारे ४२२ पौंड. पुढची चाके तेवढी हलकी झाली, आणि मागच्या आसावर १,३५० नव्हे, तर १,७७२ पौंड पडले!

आता तोच भार मागच्या आसाच्या ६ इंच पुढे, हौद्यातील थाळीवर ठेवा. तरफेची बाजू उलटली. पुढच्या आसावरून वजन उचलले न जाता त्यावर सुमारे ५१ पौंडांची भर पडेल आणि उरलेले १,२९९ पौंड मागच्या आसावर येतील. पुढची चाके रस्त्याला घट्ट धरून राहिली. पाचव्या चाकाचा ट्रेलर अधिक स्थिर चालतो, बाजूने वारा आला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला तरी कमी डुलतो, त्याचे मोठे कारण हेच.

परंतु कोणताही लाभ फुकट मिळत नाही. बंपरवर जोडलेल्या ट्रेलरचा बहुधा दहा ते पंधरा टक्के भार ट्रकवर येतो. पाचव्या चाकाच्या ट्रेलरमध्ये हा पिनभार पंधरा ते पंचवीस टक्क्यांच्या दरम्यान असतो. ढोबळ हिशेबासाठी एकपंचमांश धरावा. म्हणजे जोडणी जितकी सोयीची, तितका ट्रकच्या पाठीवरचा बोजा अधिक.

पाच मर्यादा

ट्रकचा कारखाना त्या गाडीसाठी काही मर्यादा ठरवून देतो. त्या समजून घेतल्यावाचून पुढचे गणित मांडता येणार नाही.

पहिली, गाडीचे कमाल एकूण वजन. ट्रक, त्यातील इंधन, माणसे, सामान आणि ट्रेलरचा पिनभार हे सर्व मिळून याच्या वर जाता कामा नये. अमेरिकन गाडीच्या चालकाच्या दाराशी असलेल्या पट्टीवर ‘जीव्हीडब्ल्यूआर’ या आद्याक्षरांपुढे ही संख्या छापलेली असते.

दुसरी, भारक्षमता. कमाल एकूण वजनातून रिकाम्या ट्रकचे वजन वजा केले की उरते ती भारक्षमता. ट्रकने पाठीवर वाहावयाचे ते एवढेच.

तिसरी, आसाची मर्यादा. पुढच्या आणि मागच्या आसावर स्वतंत्रपणे किती भार चालेल, ते हिने ठरते. टायरांच्या कडेवर त्यांची स्वतंत्र मर्यादा लिहिलेली असते, तीही याच्या जोडीला पाहावी.

चौथी, जोडीचे कमाल एकूण वजन. म्हणजे ट्रक आणि ट्रेलर मिळून किती.

पाचवी, ओढक्षमता, म्हणजे मागे किती वजनाचा ट्रेलर ओढता येईल. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत झळकते ती हीच पाचवी संख्या. पहिल्या चार संख्या दाराच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकाच्या आतल्या पानांत राहतात. सारा घोटाळा येथे उत्पन्न होतो.

ओढक्षमतेची संख्या खोटी असते, असे मात्र कोणी समजू नये. पूर्वी प्रत्येक कारखाना ती आपापल्या रीतीने ठरवी, आणि चढाओढीत संख्या फुगत. म्हणून मोटार-अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने २००८ साली एक समान कसोटी प्रसिद्ध केली. टोयोटाने २०११ च्या गाड्यांपासून ती स्वीकारली आणि पुढील काही वर्षांत इतर मोठ्या कारखान्यांनीही. या कसोटीतील चढाचा नमुना ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवरील डेव्हिस धरणाजवळच्या रस्त्यावरून घेतला आहे. सुमारे साडेअकरा मैलांत हा रस्ता जवळजवळ ३,००० फूट चढतो. निदान १०० अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस, उष्णतेत, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ट्रकने ट्रेलरसह हा चढ ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढावयाचा. मागे चार टायर असलेल्या ट्रकला ३५ मैलांची सवलत. शिवाय शंभरात बारा अशा तीव्र चढावर थांबलेली जोडी पुन्हा पुन्हा हलवून दाखवावयाची. कसोटी कडक आहे यात संशय नाही.

परंतु या कसोटीत ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे आणि जोडणीचे थोडे साहित्य धरलेले असते. मुलेबाळे, कुत्रा, हत्यारांची पेटी, हौद्यातले सरपण यांचा हिशेब तीत नाही. कसोटीतले कुटुंब आणि खरे कुटुंब यांत हा मोठा भेद आहे.

एक उदाहरण

आता एक कल्पित पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण सोडवू. चार माणसांचे एक कुटुंब आहे. त्यांच्याजवळ डिझेल इंजिनाचा दणकट पिकअप ट्रक आहे. त्याच्या संख्या अशा:

गाडीचे कमाल एकूण वजन १०,००० पौंड.
इंधनासह रिकाम्या ट्रकचे वजन ७,२०० पौंड.
म्हणून भारक्षमता २,८०० पौंड.
मागच्या आसाची मर्यादा ६,५०० पौंड.
जोडीचे कमाल एकूण वजन २४,००० पौंड.
ओढक्षमता १६,००० पौंड.

कुटुंबाला जे घर आवडले, ते सामानसुमान भरल्यावर १३,५०० पौंडांचे होते. विक्रेता म्हणतो, ‘तुमचा ट्रक सोळा हजार ओढतो, हे तर साडेतेराच आहे. अडीच हजारांची सवड आहे!’ त्याने एकच संख्या पाहिली, आणि त्या संख्येपुरते त्याचे म्हणणे खरेही आहे. आपण बाकीच्या पाहू.

पिनभार एकपंचमांश धरला तर १३,५०० चे २,७०० पौंड. चार माणसांचे ६०० पौंड. पाचव्या चाकाच्या थाळीचे आणि तिच्या बैठकीचे १५० पौंड. हत्यारे व किरकोळ सामान १०० पौंड. एकूण ३,५५० पौंड. ट्रकची भारक्षमता २,८०० पौंड. ट्रकच्या पाठीवर ७५० पौंड, म्हणजे सुमारे ३४० किलो, अधिक झाले.

आता जोडीचे एकूण वजन पाहा. ट्रक ७,२००, माणसे व सामान ८५०, ट्रेलर १३,५००, बेरीज २१,५५०. मर्यादा २४,०००. येथे जोडी निर्वेध उत्तीर्ण होते! एकच ट्रक, एकच ट्रेलर; ओढण्याच्या परीक्षेत पहिला वर्ग, वाहण्याच्या परीक्षेत नापास. आणि ज्या परीक्षेत एका विषयात नापास झाल्यास सारा निकालच नापास लागतो, तशी ही परीक्षा आहे. सर्वांत लहान मर्यादाच निर्णय देते.

मग या कुटुंबाने किती वजनाचे घर घ्यावे? गणित उलटे मांडावे. २,८०० मधून माणसे, थाळी आणि सामान यांचे ८५० वजा करा. पिनसाठी १,९५० पौंड उरले. ते ट्रेलरच्या वजनाचा एकपंचमांश. म्हणून पाचाने गुणा. उत्तर ९,७५० पौंड. जाहिरातीतले सोळा हजार या कुटुंबासाठी पावणेदहा हजारांवर आले. हा आकडा पाहून निराशा होईल खरी. पण घर विकत घेण्यापूर्वी झालेली निराशा पुढील संकटापेक्षा स्वस्त पडते.

येथे आणखी एक सापळा सांगितला पाहिजे. ट्रेलरच्या माहितीपत्रकात जे वजन आणि जो पिनभार छापतात, तो पुष्कळदा रिकाम्या घराचा असतो. त्यात पाणी नाही, भांडीकुंडी नाही, कपडे नाहीत. पाण्याचेच पाहा. अमेरिकन गॅलन पाण्याचे वजन सुमारे ८.३४ पौंड, ६० गॅलनांची टाकी भरली की ५०० पौंड वाढले. शिवाय अशा घरांत निजण्याची खोली बहुधा पुढच्या उंच भागात, किंगपिनच्या जवळ असते. कपाटे तेथेच, सामानाचा मोठा कप्पाही तेथेच. त्यामुळे भरलेल्या सामानाचा मोठा वाटा पिनेवर येतो. म्हणून हिशेब रिकाम्या वजनावर न करता, ट्रेलरच्या स्वतःच्या कमाल वजनावर करणे शहाणपणाचे.

वजनकाट्याची साक्ष

कागदावरचे गणित अंदाजाचे. खरी साक्ष वजनकाट्याची. आपल्याकडे साखर कारखान्याच्या दारात उसाची गाडी काट्यावर चढते, तसेच अमेरिकेच्या महामार्गांवर ट्रकथांब्यांजवळ सार्वजनिक काटे असतात. त्यांतील अनेकांना तीन स्वतंत्र तबके असल्यामुळे पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांची वजने एकाच वेळी वेगळी मिळतात.

रीत अशी. प्रथम सर्व सामान भरून, सर्व माणसे बसवून, ट्रेलरसह काट्यावर जावे. मग ट्रेलर सुरक्षित जागी सोडून त्याच माणसांसह एकट्या ट्रकचे वजन करावे. आपल्या उदाहरणात पहिल्या वेळी पुढचा आस ४,७००, मागचा आस ६,०५० आणि ट्रेलरचे आस १०,८०० पौंड भरले. दुसऱ्या वेळी पुढचा ४,६०० आणि मागचा ३,४५० भरला. ट्रकचे वजन पहिल्यांदा १०,७५० आणि दुसऱ्यांदा ८,०५०; फरक २,७००, हाच पिनभार. तो ट्रेलरच्या आसांवरील १०,८०० मध्ये मिळवा; ट्रेलरचे खरे वजन १३,५०० मिळते. दोन वजने आणि दोन साधी गणिते. कोणाच्या शब्दावर विसंबावयास नको.

चौकस विद्यार्थी येथे विचारील, ‘मागच्या आसावर ६,०५० पौंडच आले, मर्यादा ६,५०० आहे. मग हरकत कोणती?’ प्रश्न चांगला आहे, आणि अमेरिकेतील ट्रकधारकांत यावरच मोठा वाद चालतो. आसांच्या मर्यादांची बेरीज पुष्कळदा गाडीच्या कमाल वजनाहून अधिक असते, त्या फटीतून हा युक्तिवाद निघतो. पण आस हा गाडीचा एकच अवयव. ब्रेक, चौकट, सुकाणू, पाटे, टायर या सर्वांचा मिळून विचार करून कारखान्याने गाडीचे कमाल वजन लिहून दिलेले असते. एक अवयव भार सोसतो म्हणून सारी गाडी सोसेल, हे अनुमान तर्काला धरून नाही.

आणि कसोटी केवळ चढाची नसते, उताराचीही असते. चढावर इंजिन कमी पडले तर गाडी मंद चालेल. लोक मागून भोंगे वाजवितील, इतकेच. उतारावर ब्रेक तापून निकामी झाले तर सुधारण्यास सवड मिळत नाही. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती सारी ब्रेकना उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. जड ट्रेलरला म्हणूनच स्वतःचे विद्युत ब्रेक असतात, आणि जोडी तुटली तर ते आपोआप लागावेत अशी कळ असते. भाराने फुगवटा आलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो, वाकल्याने तापतो, आणि उन्हाळ्यातल्या तापलेल्या रस्त्यावर फुटतो. अशा वेळी संकटात सापडतात ते केवळ गाडीतले लोक नव्हेत. समोरून येणारे, ज्यांनी या घराचा आणि या ट्रकचा सौदा कधी केला नव्हता, तेही.

पळवाटा आणि वाटा

मर्यादा ओलांडल्या की माणूस पळवाट शोधतो. पहिली पळवाट, मागच्या पाट्यांना आधार म्हणून हवेच्या पिशव्या बसविणे. त्यांनी ट्रकचा बसलेला मागचा भाग वर येतो, गाडी सरळ दिसते. पण मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही. वाकलेल्या हमालाने पाठ ताठ केली म्हणून त्याच्या डोक्यावरचे ओझे कमी होत नाही. दुसरी पळवाट, ट्रेलरमधले सामान मागे नेऊन पिनभार घटविणे. थोड्या प्रमाणात हे योग्यच. पण अति केले तर गाडी उलाळ होते, आणि मागचे घर शेपटीसारखे डुलू लागते. पिनेवर पुरेसा भार असणे ही स्थैर्याची अटच आहे.

खऱ्या वाटा तीनच. एक, हलके घर घेणे. दोन, ट्रक निवडतानाच भारक्षमता पाहणे. येथे एक मौज आहे. डिझेल इंजिन ओढण्यास अधिक बलवान, पण ते स्वतःच जड. त्यामुळे कमाल वजन तेच असलेल्या पेट्रोल ट्रकची भारक्षमता पुष्कळदा डिझेलहून अधिक असते. बळ वाढले आणि पाठ दुबळी झाली! तीन, मागे दोनऐवजी चार टायर असलेला मोठा ट्रक घेणे. अशा ट्रकचे कमाल वजन १४,००० पौंड आणि रिकामे वजन ८,५०० धरले, तर भारक्षमता ५,५०० होते. त्यातून आपल्या कुटुंबाचे ८५० वजा जाता पिनसाठी ४,६५० उरतात. आता २,७०० चा पिनभार सहज मावतो. मात्र बाकीच्या मर्यादा त्याच क्रमाने पुन्हा तपासाव्यात. ट्रक बदलला की सर्वांत लहान संख्याही बदलू शकते.

आपल्या वाचकांपैकी अनेक घरांतील मुलेमुली, भावंडे, भाचरे आज परदेशी राहतात. त्यांपैकी कोणी असे घर घेण्याचा बेत लिहून कळविले, तर ‘ट्रक किती ओढतो?’ याबरोबरच ‘किती वाहतो?’ हेही त्यांना जरूर विचारावे. आमच्या कोंकणीत बैलगाडीला ‘गाडो’ म्हणतात. नाव बदलले, बैलांच्या जागी इंजिन आले, पोत्यांच्या जागी घर आले, तरी जू हाताने उचलून पाहण्याची गरज संपलेली नाही. आज ते काम वजनकाटा करतो.

स्वाध्याय

१. वरील डिझेल ट्रकमध्ये चारऐवजी दोनच माणसे (३०० पौंड) बसली. थाळी व सामान पूर्वीइतकेच. पिनभार एकपंचमांश असल्यास किती वजनाचा ट्रेलर चालेल?

२. चार माणसे असताना पिनभार पंचवीस टक्के निघाला, तर किती वजनाचा ट्रेलर चालेल?

३. आसांतील अंतर १६० इंच आहे. मागच्या आसाच्या ६ इंच पुढे २,७०० पौंड पिनभार ठेवला. पुढच्या आसावर किती भर पडेल? उत्तर लेखातील काट्याच्या वजनांशी ताडून पाहा.

४. ट्रेलरच्या आसांच्या बरोबर वर असलेल्या टाकीत ५०० पौंड पाणी भरले. पाचपैकी कोणत्या मर्यादांवर परिणाम होईल आणि कोणत्यांवर जवळजवळ होणार नाही? कारण सांगा.

उत्तरे: (१) ११,२५० पौंड. (२) ७,८०० पौंड. (३) सुमारे १०१ पौंड. काट्यावर १०० दिसते. (४) ओढक्षमता आणि जोडीचे एकूण वजन यांवर परिणाम होईल. ट्रकचे एकूण वजन, भारक्षमता आणि ट्रकच्या आसांची मर्यादा यांवर जवळजवळ नाही. कारण तो भार ट्रेलरचे आस वाहतात, ट्रकला तो केवळ ओढावा लागतो.